गरम झाली की बंद, गार झाली की चालू: जुन्या मोटारसायकलचं दुखणं पकडायचं कसं?

सकाळी पहिल्या किकला गाडी चालू होते. आयडलिंग छान, पिकअप छान. पंधरा-वीस मिनिटं मजेत चालते आणि भर रस्त्यात बंद पडते. किक मारून मारून पोटऱ्या भरून येतात, पण ती ढिम्म. वैतागून कडेला बसावं, तर वीसेक मिनिटांनी पुन्हा पहिल्या किकला चालू, जसं काही झालंच नव्हतं. घरी आणून खोलावी तर सगळं जागेवर: प्लगला करंट आहे, पेट्रोल येतंय, कॉम्प्रेशन आहे. दुसऱ्या दिवशी परत तेच रडगाणं.

माझ्या तीस वर्षांच्या १०० सीसी चार-स्ट्रोक गाडीने हा खेळ माझ्याशी जवळजवळ चार महिने मांडला होता. त्या चार महिन्यांत मी दोन प्लग बदलले, कार्बोरेटर तीनदा खोलला, नवी एचटी कॉइल (प्लगला हजारो व्होल्ट देणारी) टाकली, नवा सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) टाकला. काढलेल्या एकाही वस्तूत दोष नव्हता. गाडी बंद असायची ती वीस मिनिटं मी तिला शिव्या घालण्यात घालवायचो आणि तपासायचो मात्र रात्री, गॅरेजात, पार गार झाल्यावर. ताप उतरलेल्या माणसाला थर्मामीटर लावून काय कळणार? हा दोष गाडी बंद असेपर्यंतच हाती लागतो. तेवढ्या वेळात काय बघायचं, याचीच ही सगळी उस्तवार.

पुढचं सगळं कार्बोरेटरच्या, एका सिलिंडरच्या, हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांना धरून आहे. इग्निशन सीडीआयचं असो की पॉइंटचं, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या संपर्क-जोडीचं.

बंद पडली कशी, ते आधी आठवा

पाना हातात घ्यायच्या आधी हे. निम्मा तपास इथेच होतो.

धाप लागल्यासारखी विझली का? म्हणजे आधी जोर गेला, रेस दिली तर आणखी दबली, रेस सोडली तर जरा सावरली, आणि आचके देत शे-दोनशे मीटरवर थांबली? मग बहुतेक पेट्रोल कमी पडतंय. दबायला लागताक्षणी चोक ओढून बघा. चोकवर घटकाभर जीव आला तर संशय आणखी बळावतो.

चावी फिरवावी तशी खटकन गेली, आधी कसलीच कुणकुण नाही, तर करंटचा मामला. मधूनच एखादा ठोका चुकून सायलेन्सरमध्ये फटाका वाजत असेल तरी इथेच बघा. न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरात जाऊन पेटतं, त्याचा तो आवाज.

तिसरा प्रकार कमी दिसतो. गाडी तापत जाते तसं आयडलिंग खाली खाली येतं, थांबलं की बंद, आणि किक मारताना पाय अडत नाही, सुळकन खाली जातो. हा टॅपेटचा (वाल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांतल्या फटीचा) विषय, त्याचं शेवटी.

माझी गाडी कधी धाप लागून पडायची, कधी खटकन. मी या फरकाकडे लक्षच दिलं नाही. ‘बंद पडते’ एवढं एकच दुखणं डोक्यात धरून बसलो आणि त्यामुळे दोन वेगळे दोष एकमेकांच्या आड लपून राहिले.

सीटखाली काय ठेवायचं

एक जादाचा चांगला प्लग, प्लग पाना, छोटा मल्टिमीटर, झाकणाची पारदर्शक छोटी बाटली, फडकं. बस.

बाटलीवर घरीच एक खूण करून ठेवा. गाडी ठीक चालत असताना बंद करा, पेट्रोल कॉक बंद करा, कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून फ्लोटच्या वाटीतलं, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी साठलेलं, सगळं पेट्रोल बाटलीत घ्या आणि तिथे रेघ मारा. माझ्या बाटलीवरची रेघ ३० मिलिलिटरच्या आसपास आहे. भरलेल्या वाटीचं हे तुमच्या गाडीचं माप. या रेघेने माझा जितका वेळ वाचवला तितका कुठल्याही महागड्या हत्याराने वाचवला नाही.

रस्त्याच्या कडेची पाच मिनिटं

थांबल्या थांबल्या, उतरायच्याही आधी, कॉक बंद. नाहीतर वाटी पुन्हा भरत जाते आणि पुरावा पुसला जातो.

मग टाकीचं झाकण हळूच उघडा आणि कान द्या. हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला का? आला किंवा नाही, मनात नोंद करा आणि झाकण लावून टाका. पुढे ठिणगी पाडायची आहे, टाकी उघडी नको.

आता करंट. गाडीतला प्लग काढू नका. कॅप ओढून जादाच्या प्लगला लावा, त्या प्लगचं लोखंडी अंग हेडच्या नटावर किंवा रंग नसलेल्या भागावर घट्ट टेकवा आणि किक मारा. गाडीतला प्लग जागेवर ठेवायची दोन कारणं: तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे जाऊ शकतात, आणि उघड्या भोकातून उडणारा पेट्रोलचा फवारा ठिणगीने पेटू शकतो. प्लग नीट टेकवल्याशिवाय किक मारू नका. करंटला जायला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा सीडीआय तिथल्या तिथे जळू शकतो.

निळसर, जाड, टकटक आवाज करणारी ठिणगी चांगली. बारीक पिवळी-नारिंगी ठिणगी म्हणजे आजारी. उघड्या हवेत दिसलेली मरतुकडी ठिणगी सिलिंडरच्या आत पडेलच याचा भरवसा नाही, कारण दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायला बराच जास्त व्होल्टेज लागतो. ‘करंट तर येतोय’ म्हणून मी जो महिनाभर फसलो तो याच ठिणगीवर.

करंट जोरदार असेल तर जादाचा प्लग बाजूला ठेवा, कॅप परत लावा आणि मगच बाटली काढा. ड्रेनच्या नळीखाली धरा, वाटी रिकामी करा. रेघेपर्यंत आलं तर पेट्रोल पोचत होतं, दोष दुसरीकडे. तळाला चमचाभरच आलं तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत कुठेतरी वाट अडली आहे. गरम इंजिनावर एक थेंबही सांडू देऊ नका.

पेट्रोल अडतं तेव्हा

सगळ्यात आधी टाकीचं झाकण. जुन्या गाड्यांत हवा आत यायची वाट झाकणातूनच असते आणि ती वाट सुईएवढी. टाकीतून पेट्रोल उतरतं ते फक्त स्वतःच्या वजनाने. टाकी ते कार्बोरेटर उंची धरा ३० सेंटिमीटर. एवढ्या उंचीच्या पेट्रोलचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम २ टक्के भरतो. म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब २ टक्क्यांनी उतरला की पेट्रोल थांबलं. टाकीत ५ लिटर मोकळी जागा असेल आणि भोक पूर्ण बुजलं असेल तर साधारण १०० मिलिलिटर पेट्रोल उतरेपर्यंत गाडी चालेल. टाकी काठोकाठ भरली असेल, वर अर्धाच लिटर जागा असेल, तर १० मिलिलिटर. प्रत्यक्षात पेट्रोलची वाफ ती पोकळी थोडी भरून काढते आणि भोक सहसा अर्धवट बुजलेलं असतं, त्यामुळे गणित इतकं चोख उतरत नाही. पण ‘टाकी फुल्ल केली की लवकर बंद पडते’ असं कोणी म्हणालं की मी आधी झाकण मागतो.

माझा पहिला दोष हाच निघाला. झाकणाच्या आतल्या रबराखाली दोन स्क्रूंवर एक पत्र्याची चकती होती. ती काढल्यावर खाली गंजाची भुकटी आणि वाळलेल्या पेट्रोलचा तपकिरी चिकटा यांचा लगदा बसलेला, आणि त्यात ती बारीक वाट गडप. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवलं, वायरमधली तांब्याची एक तार काढून भोकातून फिरवली, सायकलच्या पंपाने हवा मारली. तोंडाने फुंकायचा मोह होतो, करू नका, चव दिवसभर जात नाही.

त्यानंतर दोन आठवडे गाडी गुणी बाळासारखी चालली. मग एका दुपारी खटकन गेली, पण तो भाग पुढे.

गंजलेल्या टाकीची गंमत वेगळी. चालताना गंजाचे कण कॉकच्या जाळीवर ओढले जाऊन चिकटतात, गाडी थांबली की ओढ संपते, कण खाली बसतात, पेट्रोल पुन्हा सुरू. वागणं हुबेहूब ‘गरम झाली की बंद’ असं, आणि उष्णतेचा इथे संबंधच नाही. यासाठी जाळी बघायची आणि प्रवाह मोजायचा. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा, टाकीचं झाकण लावलेलं असू द्या. पूर्ण रेसवर छोट्या गाडीला मिनिटाला ३०-४० मिलिलिटर पेट्रोल लागतं. चांगला कॉक याच्या कितीतरी पट देतो. मात्र पाच सेकंद बघून ‘येतंय की’ म्हणू नका. चार-पाच मिनिटं वाहू द्या. धार हळूहळू बारीक होत गेली तर झाकण उघडा: धार लगेच जाड झाली तर झाकण दोषी, नाही झाली तर जाळी.

आणखी एक जागा हौशी दुरुस्तीत हमखास बिघडते. नळी बदलताना ती लांब ठेवली जाते आणि हेडला टेकते, किंवा मध्ये घातलेला फिल्टर सिलिंडरच्या गरम हवेत लोंबत राहतो. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात, नळीत बुडबुडे होतात आणि धार तुटते. कार्बोरेटर आणि हेडच्या मध्ये एक जाड काळा किंवा तपकिरी ठोकळा असतो, उष्णता अडवणारा. तो कोणी काढून नुसतं पॅकिंग लावलेलं नाही ना, तेही बघून घ्या.

करंट जातो तेव्हा

इथे घाई करा. प्लगला ठिणगी नाही असं दिसताच मीटर काढा, कारण तासाभराने हाच भाग चांगला रेझिस्टन्स दाखवणार आहे.

त्याआधी एक फुकटची चाचणी. मॅग्नेटवर (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या चाकावर) चालणाऱ्या सीडीआयच्या बऱ्याच गाड्यांत चावी आणि किल स्विच हे एका तारेतून सीडीआयला अर्थिंग देऊन गाडी बंद करतात. सीडीआयच्या कनेक्टरमधून तेवढी तार काढा. करंट आला तर दोष स्विचमध्ये किंवा हँडलखाली घासून उघड्या पडलेल्या वायरीत. ही तार काढल्यावर चावीने गाडी बंद होत नाही, गिअरमध्ये ब्रेक दाबून बंद करावी लागते, हे आधी लक्षात ठेवा. बॅटरीवर चालणाऱ्या सीडीआयला किंवा पॉइंटच्या गाडीला ही युक्ती अशीच लागू होत नाही, तिथे वायरिंगचा नकाशा बघूनच हात घाला.

पॉइंटच्या गाडीत माझं पहिलं बोट कंडेन्सरकडे, म्हणजे पॉइंटवर भडक ठिणगी उडू न देणाऱ्या छोट्या डबीकडे, जातं. गार असताना ठीक, तापला की आतून गळतो. गाडी दबायला लागली असताना पॉइंटचं झाकण उघडून सावलीत बघा: उघडताना पॉइंटमध्ये भडक ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला. पॉइंट जळून काळे-खडबडीत झालेले असतील तरी मूळ दोषी बहुधा तोच. बऱ्याच जुन्या गाड्यांत पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतो, तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल प्रमाण मानावं.

आता कॉइल. मॅग्नेटमध्ये सीडीआयला वीज पुरवणारी एक कॉइल असते आणि ‘आता ठिणगी पाड’ असा इशारा देणारी दुसरी छोटी पल्सर कॉइल, काही जण तिला पिकअप म्हणतात. दोन्हींच्या तारा बाहेर कनेक्टरवर येतात, म्हणजे मॅग्नेट न खोलता मोजता येतात. घरी गार असताना मोजून आकडे लिहून ठेवा, मग बंद पडल्यावर तिथेच मोजा.

गरम कॉइलचा आकडा वाढलेला दिसणारच, घाबरू नका. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना २०० ओहम दाखवणारी कॉइल ८० अंशांना साधारण २४५ दाखवेल. ते निरोगीच. आकडा एकदम निम्म्यावर आला, नाचायला लागला, किंवा मीटरवर काहीच येईना, तर ती कॉइल गेली.

माझ्याकडे पल्सर गार असताना २०५ ओहम होती. खटकन बंद पडायला लागल्यावर मी तिच्या कनेक्टरमध्ये दोन लांब बारीक तारा अडकवून टेपने बांधून टाकीपर्यंत वर आणल्या. तिसऱ्या दिवशी गाडी गेली. सीटवर बसूनच कनेक्टर सोडवला, मीटर लावला: ओपन. काही आकडाच नाही. बारा मिनिटं मीटर लावून बसलो. अचानक २४०, मग २३६, २३१. त्या आकड्यासरशी कनेक्टर जोडला, किक मारली, गाडी चालू.

तरी खात्री म्हणून घरी पल्सर काढली आणि टेबलावर केस वाळवायच्या ड्रायरखाली धरली. २०५, २१२, २२०, २३४, आणि गायब. ड्रायर बंद केला, फुंकर मारत बसलो, थोड्या वेळाने आकडा परत. आत राळेत बुडवलेली केसासारखी तार जिथे बाहेरच्या जाड तारेला डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली असते, तिथेच बहुधा ती तुटलेली. गार असताना दोन टोकं टेकून राहतात, राळ फुगली की सुटतात. राळ खरवडून डाग देण्याचा प्रयत्न मी केला आणि उरलेली तारही तोडली. तुम्ही नवी आणा.

नवी बसवण्याआधी जुनी आणि मॅग्नेटवरचा उंचवटा यांतला गॅप फीलर गेजने मोजून ठेवा, पितळी पात्याचं गेज असेल तर उत्तम, लोखंडी पातं मॅग्नेटला चिकटून फसवतं. नवी तेवढ्याच गॅपवर. काही गाड्यांत मॅग्नेटच्या कव्हरमागे ऑइल असतं. तिथे आधी ऑइल काढा किंवा गाडी दुसऱ्या अंगावर कलती करा, नाहीतर फरशी धुवावी लागते. आणि कव्हरचं पॅकिंग नवंच लावा.

एचटी कॉइलबद्दल एक इशारा. सीडीआयवाल्या कॉइलची प्रायमरी १ ओहमपेक्षाही कमी असू शकते, म्हणून मीटरची टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा आधी वजा करा. पण ओहम बरोबर आले म्हणून कॉइल चांगली ठरत नाही. आतलं इन्सुलेशन हजारो व्होल्टला फुटतं, मीटर तर देतो दोन-तीन व्होल्ट. तिथे खात्रीची कॉइल गरम गाडीवर लगेच जोडून बघणं एवढाच मार्ग. सीडीआयचंही तेच. प्लगची कॅप मात्र मोजता येते: तारेवरून फिरवून काढा, रेझिस्टन्सवाली असेल तर साधारण ५ किलोओहम यायला हवेत. तारेचं टोक हिरवं पडलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा घट्ट फिरवा.

किक हलकी लागत असेल तर

टॅपेटचा गॅप उरला नसेल तर गरम झाल्यावर वाल्वची दांडी लांबते आणि वाल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. गार झाली की गॅप परत येतो. गाडी रात्रभर गार होऊ द्या, मॅग्नेटवरची ‘टी’ खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवा, दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात ना बघा. हलत नसतील तर पिस्टन चुकीच्या फेरीत आहे, आणखी एक पूर्ण फेरी फिरवा. तरीही एखादा घट्टच असेल तर तोच गुन्हेगार. छोट्या इंजिनांत गॅप ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान सापडतो, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. टॅपेटची टिकटिक सहन होत नाही म्हणून लोक तो आवळतात आणि हे दुखणं ओढवून घेतात. थोडी टिकटिक असू द्या.

दोन-स्ट्रोक गाडी असेल तर हा सगळा विभाग सोडा आणि क्रँकच्या ऑइल सीलकडे बघा. कडक झालेल्या सीलमधून हवा शिरते, रेस सोडली तरी इंजिन चढंच राहतं.

काम झाल्यावर लगेच सुटलो म्हणू नका. चाळीस मिनिटं चालवा, बंद करून दहा मिनिटं तशीच उभी ठेवा आणि परत किक मारा. बंद केल्यावर वारा लागत नाही, त्यामुळे मॅग्नेट आणि कार्बोरेटर त्या दहा मिनिटांत चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतात. माझ्या गाडीची मी ही परीक्षा भरल्या टाकीने चार वेळा घेतली, मगच टाकीपर्यंत आणलेल्या त्या दोन तारा सोडल्या.

विनाकारण बदललेली जुनी एचटी कॉइल, सीडीआय आणि दोन प्लग एका डब्यात आहेत. वर चिठ्ठी आहे: ‘सगळं ठणठणीत, उगाच काढलेलं.’ गरम गाडीवर जोडून बघायला खात्रीची कॉइल लागते म्हणालो ना, ती आता याच डब्यातून निघते.